पाठ केलेला डाव आणि ९६० रांगा

गेल्या वर्षी तालुक्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेला मी आठवीतल्या एका मुलीला घेऊन गेले होते. वडील बेकरीत कामाला. घरी पट नाही, शाळेतल्या पटावरच शिकली. पहिल्या फेरीत नऊ चालींत मात खाऊन बाहेर आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "टीचर, तो विचारच करत नव्हता. माझी चाल झाली की त्याची तयार."

समोरचा मुलगा शहरातल्या क्लासला जातो, हे नंतर कळलं. त्यात त्याचा काही गुन्हा नाही. पण ती विचार करत होती आणि तो आठवत होता, आणि हरली ती.

हे दुखणं बॉबी फिशरलाही सलत होतं. १९७२ साली रेक्याविकला बोरिस स्पास्कीला हरवून जगज्जेता झालेला हा अमेरिकन खेळाडू. माणूस म्हणून त्याची बरीच मतं, विशेषतः ज्यूंबद्दलची, विषारी होती आणि त्यांचं समर्थन मी करणार नाही. खेळाचं निदान मात्र त्याने नेमकं केलं. १९ जून १९९६ रोजी ब्युनोस आयर्समध्ये त्याने नवा प्रकार जाहीर केला. प्यादी नेहमीच्या जागी. मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठी टाकून मांडायचे. अटी दोनच: दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मधे. काळ्याची रांग पांढऱ्याच्या समोर तशीच. किल्लेकोट केल्यावर राजा आणि हत्ती नेहमीच्याच घरांत येतात. बाकी नियम तेच.

अशा रांगा किती? वर्गात मी हे गणित फळ्यावर मांडते. एका उंटाला ४ घरं, दुसऱ्याला ४. उरलेल्या ६ घरांतून वजिराचं एक. मग राहिलेल्या ५ घरांत दोन घोडे १० प्रकारे बसतात. शेवटची तीन घरं हत्ती, राजा, हत्ती अशीच भरतात. ४ × ४ × ६ × १० = ९६०. आपली नेहमीची मांडणी या ९६० पैकी फक्त एक.

सुरुवात पाठ करण्याची चाल तशी जुनीच. अब्बासी काळातले शतरंजचे उस्ताद सुरुवातीच्या मांडणीला 'ताबिया' म्हणत. दहाव्या शतकातल्या अस-सूलीने शतरंजवर लिहिलं. 'ताबिया' हा शब्द आजचे बुद्धिबळपटूही वापरतात. पण तेव्हाचा वजीर तिरका एकच घर चालायचा, त्यामुळे फौजा निवांत उभ्या राहत. आजचा वजीर एका चालीत पट ओलांडतो. पाठ नसलेल्याला सावरायला वेळच मिळत नाही.

मी पाठांतराची वैरी नाही. लहान मुलं अख्खं कुरआन हिफ्ज करतात, त्या समाजातली मी आहे. पण हिफ्ज शिकवणारे हाफिजसाहेब मोहल्ल्यातल्या मदरशात भेटतात, बेकरीवाल्याच्या पोरालाही. बुद्धिबळाच्या सुरुवाती शिकवणारा क्लास फी मागतो. माझं भांडण आहे ते पैसे मोजून मिळणाऱ्या पाठांतराशी.

शाळेत आम्ही शनिवारी हा प्रकार सुरू केला तेव्हा फाशांनी मांडणी ठरवत होतो. त्या मुलीचे वडील भेटायला आले. "टीचर, बाकी सगळं ठीक, फासे नकोत." त्यांचं बरोबर होतं, फाशांच्या खेळाला हदीसमध्ये साफ मनाई आहे. शतरंजबद्दलही उलेमांमध्ये मतभेद आहेत. हनफी मत कडक, इमाम शाफई यांचं सौम्य, पण पैज नको आणि नमाज चुकू नये या अटींवर. मी फासे बंद करून चिठ्ठ्या सुरू केल्या. कुरआ टाकायला कोणाची हरकत नव्हती.

काही सहकारी म्हणतात, हा तर नशिबाचा खेळ झाला. नाही. चिठ्ठी दोघांसाठी एकच असते. २०१९ साली फिडेच्या पहिल्या अधिकृत अजिंक्यपद स्पर्धेत वेस्ली सोने अंतिम लढतीत मॅग्नस कार्लसनला हरवलं, २०२२ मध्ये हिकारू नाकामुरा जिंकला. तिथे नशिबावर निवडून आलेलं कोणी नव्हतं. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या वाइसेनहाउसला आपला गुकेश, जगज्जेता होऊन दोन महिने झाले असताना, आठवा आला. यात त्याचा कमीपणा नाही. नव्या रांगेसमोर जगज्जेत्यालाही पहिल्या चालीपासून विचार करावा लागतो, एवढंच.

यामुळे गरीब-श्रीमंत फरक मिटेल असं मी म्हणत नाही. क्लासचा मुलगा डावाच्या मध्यात आणि शेवटातही तयार असतोच. पण निदान माझ्या मुलीला तिथपर्यंत पोचता येईल.

म्हणून आयोजकांना विनंती आहे. शालेय स्पर्धेत सगळ्या नकोत, एक तरी फेरी अशी ठेवा. सगळ्यांसमोर चिठ्ठी काढा, पाच मिनिटं मांडणी बघू द्या, मग घड्याळ सुरू करा. खर्च एका कागदाचा.

गेल्या शनिवारी ती मुलगी नव्या मांडणीसमोर बराच वेळ नुसती बसून होती. समोरच्या मुलाने घाई केली तेव्हा म्हणाली, "थांब ना. तुलाही माहीत नाही, मलाही माहीत नाही."