‘कन्व्हल्स’, ‘हादरणे’ आणि ‘भुई हालली’

पदव्युत्तर वर्गाच्या अनुवादविषयक उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट वारंवार खटकते. इंग्रजी ‘कन्व्हल्स’ हे क्रियापद दिसले की विद्यार्थी डोळे मिटून ‘हादरणे’ लिहितात. मग तापाने मूल हादरते, विनोदाने सभा हादरते, बंडाने राज्य हादरते आणि भूकंपाने जमीन. यांतील पहिली दोन वाक्ये मराठी नव्हेत.

या क्रियापदाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ हिसडून उपटणे असा आहे. त्यामुळे आकडी, हसू, राज्यक्रांती आणि धरणीकंप ही सारी या एका क्रियापदाखाली इंग्रजीत सुखाने नांदतात. सर्वत्र कोणती तरी शक्ती हिसडते आणि माणूस कर्म होतो. मराठीची रीत निराळी आहे. मुलाला झटके ‘येतात’, उचकी ‘लागते’, हुंदका ‘फुटतो’, हसून हसून मुरकुंडी ‘वळते’. मरणारा मात्र आचके स्वतः ‘देतो’. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी १९११ मध्ये ढोकीमार्गे लातूरपर्यंत पोहोचली. २००७-०८ मध्ये रुंद रूळ येईपर्यंत तिच्यातला प्रवासी गचके ‘खात’ असे. कोठे माणसाकडे काही येते, कोठे तो देतो, कोठे खातो. कर्म मात्र तो क्वचितच होतो. तेव्हा प्रतिशब्द शोधण्याआधी वाक्याची घडण शोधावयास हवी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. द्वैभाषिक कोश येथे फारसे साहाय्य करीत नाहीत, कारण ते शब्द देतात, वाक्य देत नाहीत.

उरला प्रश्न ‘हादरणे’चा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची माळवदे निजलेल्यांवर कोसळली; सुमारे दहा हजार माणसे गेली. ढोकी या पट्ट्यापासून बरीच दूर, परंतु धक्का तेथेही जाणवला. त्या पहाटेविषयी तेथील वृद्ध मंडळी बोलू लागली की ‘हादरली’ हा शब्द मी सहसा ऐकत नाही. ‘भुई हालली’, एवढेच त्या म्हणतात. कर्ता भुई, क्रियापद अकर्मक. कोणी हालविली याचा उल्लेख नाही. याउलट एखाद्या दरोड्याने ‘शहर हादरले’ असे मथळे आपली वृत्तपत्रे उठता-बसता देतात. या वापराने शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की खरोखर हादरलेल्या जिल्ह्यासाठी तो अपुरा पडतो.

काही वर्षांपूर्वी धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने ‘कन्व्हल्स’ असलेल्या भूकंपविषयक वाक्याचा अनुवाद ‘भुई हालली’ असा केला होता. मी ‘हालली’खाली तांबडी रेघ ओढून वर ‘हादरली’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. आज तो कापणार नाही.