जाहिरातीचा काटाही पाहा

आपले व्यापारी बांधव आणि कारागीर आता दुकानाच्या पाटीबरोबर इंटरनेटवरही जाहिरात देऊ लागले आहेत. हे चांगलेच आहे. पण माल घेताना काटा पाहणारे आपण जाहिरात घेताना मात्र डोळे मिटून पैसे मोजतो.

अमेरिकेत २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’वर पट्टीच्या जाहिराती झळकल्या. त्यांतील एटी अँड टीच्या पट्टीवर पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी क्लिक केले, असे सांगतात. आज शंभरात एक मिळणेही कठीण. तरीही भाव बहुधा हजार वेळा ‘दाखवल्या’चा लागतो. २०१४ च्या अमेरिकी मापदंडानुसार पट्टीचा अर्धा भाग एक सेकंद पडद्यावर आला की ती ‘दिसण्याजोगी’ ठरते. गिऱ्हाइकाने पाहिली की नाही, हा सवालच नाही.

शिवाय दलालही तोच आणि बाजारही त्याचाच. गूगलने २००८ मध्ये डबलक्लिक ताब्यात घेतली. या धंद्यातील दोन बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली, असा निकाल अमेरिकी न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला.

मापात मारणाऱ्यांना कुरआनात सक्त ताकीद आहे. पण माप तपासणे हे घेणाऱ्याचेही काम आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच: रोजच्या खर्चाची मर्यादा ठरवा, माल पोहोचेल तेवढाच इलाखा निवडा, शक्य तेथे क्लिकवरच पैसे द्या आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘कोठून कळले?’ असे विचारून वहीत नोंदवा. महिनाअखेर वही सांगेल तेच खरे माप.