पट्टी सुटण्यापूर्वीचे दिवस

अमेरिकेतील ‘फॉक्स’ या दूरचित्रवाणी वाहिनीने 2004 साली ‘द स्वान’ नावाचा कार्यक्रम दाखविला. स्वतःला कुरूप समजणाऱ्या स्त्रिया निवडून त्यांना सुमारे तीन महिने घरापासून दूर ठेवावयाचे, त्यांच्या नाकावर, हनुवटीवर, पोटावर शस्त्रक्रिया करावयाच्या, दात बदलावयाचे आणि या सर्व काळात त्यांच्या दृष्टीस आरसा पडू द्यावयाचा नाही, अशी त्याची योजना होती. अखेरीस आरशावरचा पडदा दूर होई आणि त्या स्त्रीला अश्रू आवरत नसत. दर भागात अशा दोन स्त्रिया. त्यांतील एकीची सौंदर्यस्पर्धेसाठी निवड होई, दुसरीला घरी पाठवीत. एवढे सोसल्यावर पुन्हा नापसंतीचा शिक्का!

या क्रौर्यावर टीका पुष्कळ झाली. वैद्यकाचे जे चित्र त्यातून उभे राहिले, त्याकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज पुरती ओसरावयास वर्षभरही लागू शकते. व्रण आधी लाल व कठीण असतो, मग सावकाश फिकट होतो. कधी जखम चिघळते, कधी दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते. हे सारे काम शरीराचे, आणि त्यात नाट्य नाही. म्हणून संकलकाची कात्री प्रथम त्यावरच चालते. उरतात दोन छायाचित्रे, आधीचे आणि नंतरचे, व त्यांच्यामध्ये हसतमुख डॉक्टर. वैद्याचा असा जादूगार होतो.

2003 ते 2010 या काळात चाललेल्या ‘निप/टक’ या मालिकेने दुसरे टोक गाठले. तिच्या नायकांपैकी एक शल्यचिकित्सक धनलोभी आणि लंपट, दुसरा सदैव सदसद्विवेकाच्या टोचणीने हैराण. तरीही ही कल्पित मालिका ‘वास्तव’ म्हणविणाऱ्या कार्यक्रमांहून एका बाबतीत प्रामाणिक होती. शस्त्र मांसात शिरताना ती दाखवी, आणि चेहरा बदलला तरी माणसाचे दुःख बदलतेच असे नाही, हेही दाखवी.

पडद्यावर सहसा न दिसणारा डॉक्टर म्हणजे नकार देणारा डॉक्टर. आपल्या शरीरात व्यंग आहे या भ्रमाने पछाडलेल्या माणसाचे शस्त्रक्रियेने क्वचितच समाधान होते. त्याला परत पाठविणे, प्रसंगी मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडणे, हा शल्यचिकित्सकाच्या कौशल्याचाच भाग होय. पण नकारावर कार्यक्रम उभा राहत नाही. ‘प्लॅस्टिक अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी’ या नियतकालिकात 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत, प्रथमच सल्ल्यासाठी आलेल्या पाचांपैकी सुमारे चौघांनी आपल्या निर्णयावर दूरचित्रवाणीचा प्रभाव असल्याचे मान्य केले. असे कार्यक्रम अधिक पाहणारे स्वतःला अधिक जाणकारही समजत होते. अशा जाणकारासमोर ‘नको’ म्हणणारा डॉक्टर अनाडी ठरला, तर दोष कोणाचा?

आपल्याकडील दैनंदिन मालिकांना तर जादूगाराचीही गरज उरलेली नाही. नट मालिका सोडून गेला की पात्राला अपघात होतो, तोंडाला पट्ट्या गुंडाळल्या जातात आणि त्या सुटतात तेव्हा दुसराच नट प्रकट होतो. ‘खून भरी मांग’ने 1988 मध्ये पडद्यावर रुळविलेली ही युक्ती निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देता येईल, पण भाजलेल्या मुलीचे आईबाप प्लॅस्टिक सर्जनकडे जातात, तेव्हा मनात हीच पट्टी घेऊन जातात. टप्प्याटप्प्याने होणाऱ्या शस्त्रक्रिया, आखडलेली मान सैल करण्याचे महिनोन्महिन्यांचे व्यायाम यांची त्यांना कोणी कल्पना दिलेली नसते.

याच शाखेतील एक चित्र दूरचित्रवाणीच्या फार पूर्वी जगभर गेले, आणि ते पुण्याचे आहे. इंग्रजांच्या लष्करातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. 1793 साली येथील एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा घडविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने 1794 च्या ऑक्टोबरात ही हकीकत चित्रासह छापली. ते चित्र पट्टी सुटल्या क्षणाचे नव्हते. चित्रकाराने ते शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी रंगविले होते, आणि कपाळावरचा व्रण त्याने झाकला नाही.