खाल्लेले अंगी लागले पाहिजे



मागच्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या महिला बचत गटाने कर्ज काढून संकरित डुकरांची दहा पिल्ले घेतली. पक्की पडवी बांधली आणि खुराक विकत आणून चारला. पहिला दीड महिना पिल्ले बघता बघता वाढली. मग पेंडवाल्याने सांगितले, “बाई, सोयाबीनची डीओसी महाग पडते. शेंगदाणा पेंड घ्या. प्रथिने जवळपास तेवढीच आहेत, पैसे वाचतील.” गटाने पेंड बदलली. आता दोन महिने झाले. पिल्ले खातात भरपूर, पण वाढत नाहीत. केस राठ झाले आहेत. बँकेचा हप्ता तोंडावर आला आहे आणि गटातल्या निम्म्या बाया म्हणतात, विकून टाका. “आमचे काय चुकले?” असे ताई विचारतात.

ताई, तुमच्या मेहनतीत काही चुकले नाही. फसगत झाली ती एका आकड्याने. त्या आकड्याची गोष्ट सर्वांनीच समजून घ्यावी म्हणून आजचे सदर त्यावर.

पोत्यावर ‘प्रथिने इतके टक्के’ असे छापलेले असते. हा आकडा येतो कुठून? प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत. खाद्यातला नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. जर्मनीतील वेंडे येथील शास्त्रज्ञांनी १८६० च्या दशकात खाद्य तपासण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातच हा हिशेब आहे आणि आजही तो चालतो. पद्धत उपयोगी आहे, पण तिला नत्र कळतो, नत्राचा दर्जा कळत नाही. खाद्यात युरिया मिसळला तरी ‘प्रथिने’ वाढलेली दिसतात. गाय-बैल आपल्या पोटातल्या जंतूंच्या मदतीने थोडा युरिया वापरू शकतात. डुकराला तो कामाचा नाही. म्हणून पोत्यावरचा आकडा खरा असूनही तो डुकराच्या कामाचा असेलच असे नाही.

आता प्रथिनांच्या आत जाऊ. प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात. घर बांधताना विटा दहा हजार आणल्या, वाळू दोन ट्रक आणली, पण सिमेंट चारच पोती असले तर घर चार पोत्यांपुरतेच उभे राहते. उरलेल्या विटा अंगणात पडून राहतात. डुकराच्या अंगावर मांस चढण्याचेही तसेच आहे. धान्यावर पोसलेल्या डुकराला सर्वांत आधी जे घटक कमी पडते त्याचे नाव लायसिन. लायसिन संपले की बाकीची प्रथिने असून नसल्यासारखी. शिवाय जास्तीची प्रथिने शरीरात साठत नाहीत. त्यातला नत्र लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो आणि त्यासाठीही शक्ती खर्च होते.

तुमच्या गटाचाच हिशेब मांडू. शंभर किलो खुराकात मका ६० किलो, पेंड २२ किलो, गव्हाचा कोंडा १५ किलो, खनिज मिश्रण अडीच किलो आणि मीठ अर्धा किलो आहे असे धरा. किलोमागे लायसिन साधारण असे असते: मक्यात अडीच ग्रॅम, गव्हाच्या कोंड्यात ६ ग्रॅम, सोयाबीन पेंडीत २८ ग्रॅम आणि शेंगदाणा पेंडीत १५ ग्रॅम.

सोयाबीन पेंड असताना मक्यातून १५०, पेंडीतून ६१६ आणि कोंड्यातून ९० मिळून ८५६ ग्रॅम लायसिन होते. त्याच जागी शेंगदाणा पेंड घातली की पेंडीतून ३३० ग्रॅमच येते आणि एकूण बेरीज ५७० ग्रॅमवर घसरते. आता प्रथिने पाहा. पहिल्या मिश्रणात सुमारे १७ टक्के, दुसऱ्यात साडेसोळा. पोत्यावरचा आकडा जवळपास तोच, आणि लायसिन एक तृतीयांशाने कमी! वाढत्या संकरित पिलाला शंभर किलो खुराकात साधारण ८०० ते १००० ग्रॅम लायसिन लागते. पेंडवाला प्रथिनांबद्दल खोटे बोलला नाही. त्याने लायसिनचे नाव घेतले नाही, एवढेच.

पैशाचाही हिशेब करू. बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे विद्वान. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या लेकरांनी निदान आपल्या घरच्या रुपयाचा हिशेब नीट ठेवावा. समजा सोयाबीन पेंड किलोला ४६ रुपये आणि शेंगदाणा पेंड ४० रुपये आहे. २२ किलोवर १३२ रुपये वाचले. पण २८६ ग्रॅम लायसिन गेले. तेवढे लायसिन भरून काढायला दहा किलोहून थोडी जास्त सोयाबीन पेंड लागते, म्हणजे सुमारे ४७० रुपये. एक ग्रॅम लायसिन सोयाबीन पेंडीतून १ रुपया ६४ पैशांना पडते, शेंगदाणा पेंडीतून २ रुपये ६७ पैशांना. स्वस्त कोणती आणि महाग कोणती, ते आता तुम्हीच ठरवा. भाव बदलतील तसे आकडे बदलतील, पण भागाकार हाच राहील.

लायसिन असून भागत नाही, ते पचलेही पाहिजे. गाईला चार कप्प्यांचे पोट आहे, डुकराला आपल्यासारखे एकच. त्यामुळे कडबा, तूस, टरफल यांतून गाय जे काढून घेते ते डुकराला काढता येत नाही. भाताचा चांगला कोंडा हे उत्तम खाद्य आहे. त्यात सुमारे १२ टक्के प्रथिने आणि जवळपास तेवढेच तेल असते. पण गिरणीवाल्याने त्यात तूस दळून मिसळले की वजन वाढते आणि कस जातो. मूठभर कोंडा पाण्यात टाकून पाहा. वर तरंगणारे खरखरीत तूस आणि तळाशी बसणारी वाळू सहसा दिसून येते. कोंड्यातले तेल लवकर खवट होते, म्हणून एकदम महिन्याचा साठा करू नये. खवट वास आला की घेऊ नये.

शास्त्रज्ञ पचन कसे मोजतात तेही सांगतो. जनावराला मोजून खाऊ घालतात, शेण मोजून तपासतात आणि वजाबाकी करतात. पण यात एक गफलत असते. न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात गेली की तिथले जंतू ती खातात. ती शेणात दिसत नाहीत, पण डुकरालाही मिळालेली नसतात. म्हणून आता लहान आतडे जिथे संपते तिथला नमुना घेऊन खरे पचन काढतात. नुसते पोटात गेले म्हणजे अंगी लागले असे नव्हे, हे विज्ञानानेही असे पायरी-पायरीने शिकून घेतले.

धोक्याच्या दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिली सरकी ढेप. विदर्भ-मराठवाड्यात ती घरोघरी गाई-म्हशींना घालतात. म्हणून कुणी सहज डुकरालाही घालते. सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. मोठी गाय-म्हैस ते बऱ्याच अंशी सोसते, डुकराच्या मात्र हृदयावर आणि फुप्फुसावर ते उठते. दुसरी गोष्ट बुरशी. ओलसर मका आणि शेंगदाणा पेंड यांवर येणाऱ्या बुरशीचे विष यकृत खाते आणि ते शिजवूनही जात नाही. बुरशीचा माल फुकट मिळाला तरी नको. कच्चे सोयाबीनही तसेच घालू नये. त्यात पचन अडवणारा घटक असतो, तो योग्य भाजण्याने जातो. पण करपवले तर लायसिनच निकामी होते.

पुष्कळ घरी हॉटेल-खानावळीचे उरलेले अन्न चारतात. ते ‘फुकट’ वाटते. पण त्यात बहुतेक पाणी असते. त्यातले एक किलो तोलून घ्या, पातळ पसरून कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि पुन्हा तोला. दोनशे ग्रॅम उरले तर शंभर किलोच्या पिंपात खाद्य वीस किलोच आहे. वाहतुकीचे दोनशे रुपये दिले असतील तर खरा भाव किलोला दहा रुपये पडला. शिवाय त्यात कधी मीठ जास्त, कधी नुसता भात. आणि सर्वांत महत्त्वाचे: २०२० साली आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला आणि हजारो डुकरे गेली. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकराला त्यावर इलाज नाही आणि डुकराच्या मांसाच्या उष्ट्यातून तो पसरतो. असे अन्न किमान ९० अंश तापमानावर तासभर, ढवळत ढवळत उकळल्याशिवाय देऊ नये. सरपणाचा तो खर्चही हिशेबात धरा.

आता काही वाचक विचारतील की धम्माच्या वाटेवर चालणाऱ्याने हा धंदा करावा का. प्रश्न टाळण्यासारखा नाही. भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले, त्यांत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार आहे. ज्याला दुसरी वाट सापडेल त्याने ती अवश्य धरावी. पण ज्या घरांची चूल आज यावरच पेटते, त्यांना वरून उपदेश करण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्याला नाही. मात्र बावीस प्रतिज्ञांतली प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण सर्वांनी घेतली आहे. मुके जनावर आपल्या दावणीला असेल तोवर त्याला उकिरड्यावर मोकाट न सोडता स्वच्छ जागी, अंगी लागेल असे अन्न घालणे हा त्या दयेचाच भाग आहे.

ताई, तुम्ही आता असे करा. आधी सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यांना पिल्ले दाखवा. जंत असतील तर कोणताही खुराक वाया जातो. शेंगदाणा पेंडीला बुरशी नाही ना तेही पाहून घ्या. मग सोयाबीन पेंड पुन्हा सुरू करा, पण चार-पाच दिवसांत हळूहळू बदल करा. आणि मोजा! काटा नसेल तर शिवणकामाची टेप पुरे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी मीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ६९.३ ने गुणा. घेर ८० सेंटिमीटर आणि लांबीही ८० असेल तर वजन सुमारे साडेपस्तीस किलो भरते. दर आठवड्याला एकाच वेळी, सकाळी उपाशीपोटी मोजा आणि वहीत लिहा. शेजारच्या पानावर किती खुराक गेला ते लिहा. तीन-साडेतीन किलो खुराकामागे एक किलो वजन वाढत असेल तर गाडी रुळावर आहे. पाच-सहा किलो लागत असतील तर खुराकात किंवा तब्येतीत खोट आहे. वही गटातल्या शिकलेल्या मुलीकडे द्या आणि दर बैठकीत ती मोठ्याने वाचू द्या. जमल्यास पेंडीचा नमुना जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पशुपोषण विभागाला दाखवा. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, मुंबई येथे अशी महाविद्यालये आहेत. विचारायला लाजू नका.

पिल्ले लगेच विकू नका. निदान तीन आठवड्यांची वही पाहून ठरवा. वाढ दिसू लागली तर ती वही घेऊन बँकेत जा आणि हप्त्याला मुदत मागा. रिकाम्या हाताने मागण्यापेक्षा हिशेब दाखवून मागणे बरे. वाढ दिसलीच नाही, तर विकण्याचा निर्णयही डोळसपणे होईल.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा कुणी मोठा म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. पोत्यावर छापले आहे म्हणूनही मानू नका, एवढे आपण त्यात आपल्यापुरते जोडू या.

वहीतले आकडे कळवा, ताई. वाट पाहतो.

जयभीम!