रूळ पास, मग नापास कोण?

साथींनो,

भिलाई पोलाद कारखान्यात १९६० साली रुळांची गिरणी सुरू झाली. तेव्हापासून आपल्या गाड्या तिथल्या कामगारांच्या घामावर धावत आहेत. आज तिथे १३० मीटरचा एकसंध रूळ निघतो. असे दोन जोडून २६० मीटरचा होतो. बाहेर पडण्यापूर्वी रुळाची परीक्षा होते. वितळलेल्या पोलादात दर दहा लाख भागांत १.६ भागांहून जास्त हायड्रोजन चालत नाही. तो आत अडकला तर केसासारख्या चिरा पडतात आणि पुढे कधीतरी त्याच जागी रूळ तुटतो. रुळाच्या तुकड्यावर उंचावरून जड वजन आदळतात, ध्वनिलहरींनी पोटातला दोष शोधतात. ही परीक्षा आणखी कडक करा, असेच आमचे म्हणणे आहे.

आमचे भांडण आहे ते शिक्का बसला की जबाबदारी संपली, असे मानणाऱ्यांशी. प्रयोगशाळेत मे महिन्याचे ऊन नाही, सपाट झालेले चाक नाही. लाइनवर रूळ थर्मिटने जोडतात आणि कच्चेपणा बहुधा त्या जोडातच राहतो. थंडीच्या रात्री रूळ आकसतो, ताण वाढतो आणि दोष असेल तिथे तो तुटतो.

२६ नोव्हेंबर १९९८. पंजाबात खन्नाजवळ, पहाटेच्या अंधारात, तुटलेल्या रुळामुळे गोल्डन टेंपल मेलचे डबे घसरले. समोरून येणारी सियालदह एक्सप्रेस त्यांच्यावर आदळली. २१२ माणसे गेली. आमचे आरएमएसचे साथीही वर्षानुवर्षे टपालाच्या थैल्या घेऊन अशाच रात्री रुळांवर काढत आले आहेत. म्हणून हा प्रश्न एकट्या गँगमनचा नाही.

तुटलेला रूळ आधी कोणाला दिसतो? कंदील-हातोडा घेऊन पायी फिरणाऱ्या कीमनला आणि गस्तवाल्याला. त्यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, जोडकाम व तपासणी ठेकेदाराला द्यायची आणि अपघात झाला की पहिला निलंबनाचा कागद गँगमनच्या हातात! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

आमच्या मागण्या साध्या आहेत:

१) गँगमन-कीमनच्या सर्व रिक्त जागा भरा.
२) थर्मिट जोड व रुळांची ध्वनितपासणी कायम कामगारांकडेच द्या.
३) थंडीच्या गस्तीवर एकट्याला पाठवू नका.
४) तुटलेल्या प्रत्येक रुळाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवा, अहवाल युनियनला दाखवा आणि तोवर कोणालाही दोषी धरू नका.

रुळाची परीक्षा घेता, तशी कारभाराचीही घ्या. ती होईपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!