गुण बेताचे, तरी सर्जरी सोडू नका

नीट-पीजीचा निकाल लागला की पहिल्या पिढीतल्या आपल्या डॉक्टरांना दोन सल्ले हमखास मिळतात. 'एवढ्या गुणांत सर्जरीचं नाव काढू नकोस' हा पहिला, आणि 'मिळेल ती जागा पदरात पाडून घे' हा दुसरा. ज्यांच्या घरात दोन पिढ्या डॉक्टर आहेत, त्यांच्या मुलांनाही बेताचे गुण पडतात. पण कुठल्या कॉलेजात काय शिकायला मिळतं, हे सांगणारे काका-मामा त्यांच्याकडे असतात. गुणांत फरक असेल. माहितीतला फरक त्याहून मोठा आहे. तो आपण एकमेकांना मदत करूनच भरून काढू शकतो.

आधी मनातला न्यूनगंड काढून टाकू. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय कोट्यातलं ओबीसी आरक्षण वैध ठरवताना सांगितलं, की परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे. गुणवत्तेकडे सामाजिक संदर्भात पाहावं लागतं. 2023 मध्ये जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून सगळ्याच प्रवर्गांचा कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला. त्या गुणांवर लाखोंची फी भरून जागा घेणाऱ्याला 'कोट्यातला' असं कुणी म्हणत नाही.

आता कामाचं बोलू. 800 पैकी किती गुण पडले यापेक्षा रँक महत्त्वाची. एमसीसी दरवर्षी प्रत्येक फेरीची वाटपयादी जाहीर करते. त्यात रँक, संस्था, शाखा, उमेदवाराचा प्रवर्ग आणि जागा कोणत्या प्रवर्गातून मिळाली, हे सगळं असतं. मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या घ्या, जनरल सर्जरी आणि आपला प्रवर्ग वेगळा काढा, फेरीगणिक शेवटची रँक लिहा. रेडिओलॉजी, त्वचारोग या शाखा लवकर संपतात. सर्जरीच्या जागा त्यानंतरही बऱ्याच उरतात. ऑर्थो, ईएनटी, नेत्र, स्त्रीरोग याही शस्त्रक्रियेच्याच शाखा आहेत. डीएनबी जनरल सर्जरीही यादीत ठेवा.

प्रवर्गाचे कागद आधी तपासा. अखिल भारतीय कोट्यात एससी 15, एसटी 7.5 आणि ओबीसी 27 टक्के आहेत. पण ओबीसीसाठी केंद्राच्या यादीत जातीचं नाव आणि केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो. महाराष्ट्रातल्या विमुक्त-भटक्यांना राज्य कोट्यात स्वतंत्र आरक्षण आहे, अखिल भारतीय कोट्यात तसा प्रवर्गच नाही. तिथे आपली जमात केंद्राच्या कोणत्या यादीत आहे, हे अर्ज भरण्याआधी पाहावं लागतं. अभिमत विद्यापीठांत आरक्षण नाही आणि फी आपल्या घरांना कर्जात बुडवणारी.

पसंतीक्रम भरताना सर्वांत हवी असलेली जागा सर्वांत वर लिहा. ती मिळाली नाही तर प्रणाली खालच्या पसंतीकडे जाते. वर लिहिल्याने काही नुकसान होत नाही. जिथे खरोखर जायचं नाही, ती जागा मात्र लिहूच नका. पुढच्या फेऱ्यांत जागा नाकारली तर अनामत बुडते, आणि रुजू होऊन मधेच सोडल्यास अनेक राज्यांत लाखोंचा दंड. सेवाबंधाची वर्षं राज्याराज्यांत वेगळी आहेत. तो आकडा पसंतीक्रमाशेजारीच लिहून ठेवा.

मग संस्था कशी निवडायची? नावावरून नाही. सर्जन हातांनी घडतो. नावाजलेल्या संस्थेत एमसीएचचे निवासी असतील तर मोठ्या केसेस त्यांच्याकडे जातात आणि जनरल सर्जरीचा विद्यार्थी रिट्रॅक्टर धरून उभा राहतो. त्याउलट अपघात आणि तातडीच्या केसेसची गर्दी असलेल्या, कमी नावाच्या सरकारी कॉलेजात अपेंडिक्स, हर्निया, लॅपरोटॉमी लवकर हाती येऊ शकतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना फोन करा. स्वतः किती केसेस केल्या? शिकवणारे सर किंवा मॅडम रात्री येतात का? स्टायपेंड वेळेवर होतो का? हॉस्टेल मिळतं का? परराज्यात असाल तर रुग्णांशी कोणत्या भाषेत बोलावं लागतं?

आणि एक प्रश्न असा, जो कोचिंगवाले कधी शिकवत नाहीत: ओटीत केस कुणाला द्यायची, हे कोण ठरवतं आणि कसं? शस्त्रक्रियेचं शिक्षण वरिष्ठाच्या मर्जीवर चालतं आणि त्या मर्जीत जात बेमालूम मिसळते. 2007 मध्ये सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव नोंदवला. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांनी जीव दिला. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला. त्यामुळे आपल्या समाजातले आधीचे विद्यार्थी तिथे आहेत का, ते कोर्स पूर्ण करून बाहेर पडले का, एससी-एसटी कक्ष कागदावरच आहे का, हे विचारण्यात भित्रेपणा नाही. तो निवडीचाच भाग आहे.

पण ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. निवासी डॉक्टरांना लॉगबुक बंधनकारक आहे. मग प्रत्येक विभागाने कुणाला किती आणि कोणत्या दर्जाच्या केसेस मिळाल्या, हे प्रवर्गनिहाय जाहीर करावं, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. जे मोजलं जात नाही, ते 'आमच्याकडे असं काही नाही' म्हणून झटकलं जातं.

आणि जे आज निवासी आहेत, त्यांनी आपला फोन उचलावा. पुढच्या फेरीत कुठल्या तरी तालुक्यातली एखादी मुलगी, जिच्या घरात कुणी ऑपरेशन थिएटर आतून पाहिलेलं नाही, तुमच्या दहा मिनिटांच्या बोलण्यावर सर्जन होऊ शकते. मामा-काकांचं जाळं त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे चळवळ आहे.