‘नुसता सोहळाच तर आहे’ हे म्हणणे कोणाच्या सोयीचे?

देव न मानणाऱ्या आईबापांनी बाळाचा चर्चमध्ये बाप्तिस्मा करायचा, सात-आठ वर्षांच्या मुलीला पांढरा झगा घालून पहिल्या कम्युनियनला उभे करायचे आणि कोणी विचारलेच तर म्हणायचे, “नुसता सोहळाच तर आहे!” आयर्लंडमधल्या अनेक घरांत हे चालते. 2022 च्या जनगणनेत तिथल्या 14 टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ असे नोंदवले. मग हे लोक चर्चच्या दारात का जातात?

कारण शाळा. तिथल्या दहापैकी जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या ताब्यात आहेत. शिक्षकांचा पगार सरकार देते, शाळेचा धर्म चर्च ठरवते. जागा कमी पडल्या की बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी प्रवेश मिळे. 2018 च्या कायद्याने कॅथलिक शाळांपुरती ही अट गेली. दार उघडले, पण वर्गाचे काय? दुसरीच्या वर्गात कम्युनियनची तयारी शाळेच्या वेळेतच होते. धार्मिक शिक्षणाला न बसण्याचा हक्क आयरिश संविधानाच्या 44 व्या कलमात आहे. प्रत्यक्षात असे मूल बऱ्याचदा त्याच वर्गात मागच्या बाकावर बसते आणि सगळे ऐकते. एकीकडे नवे कपडे, मेजवानी, भेटीची पाकिटे. दुसरीकडे मागचे बाक. सात वर्षांच्या लेकराला असे पेचात पकडायचे आणि त्याला ‘निवड’ म्हणायचे?

‘नुसता सोहळा’ हे चर्चलाही मान्य नाही. बाप्तिस्म्यात आईबापांना सर्वांसमोर श्रद्धेची कबुली द्यावी लागते. मूल कॅथलिक म्हणून वाढेल अशी रास्त आशा असल्याशिवाय बाप्तिस्मा देऊ नये, असे चर्चचा कायदाच सांगतो. म्हणजे श्रद्धा नसलेला बाप तिथे चक्क खोटे बोलतो. यात मनापासून मानणाऱ्या कॅथलिकाचाही अपमान आहे. आणि वर्ग भरलेला दिसला की व्यवस्थेला म्हणता येते, “बघा, पालकांनाच हे हवे आहे!” सक्तीतून आलेली हजेरी संमती म्हणून मोजली जाते.

कोणी म्हणेल, आजीला आनंद होतो, चार नातेवाईक जमतात. जमू द्या की! बारसे करा, जेवण घाला. आजीच्या आनंदासाठी खोटी शपथ कशाला?

पण दोष केवळ पालकांच्या माथी मारून चालणार नाही. ज्याला जवळ दुसरी शाळाच नाही, त्याला तत्त्वनिष्ठेचे धडे देणे सोपे असते. मागणी सरकारकडे हवी: संस्कारांची तयारी शाळेच्या वेळेतून काढा, चर्चमध्ये सुट्टीच्या दिवशी घ्या. मानणाऱ्याचे काही जात नाही, न मानणाऱ्याचे मूल मागच्या बाकावरून उठते.

हे आपल्याला परके वाटू नये. आपल्या संविधानाची मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडवरून घेतलेली आहेत. अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही, असे आपले कलम 28 बजावते. तरीही सरस्वतीपूजनाला “हात जोड रे” म्हटले की किती पोरे नाही म्हणू शकतात? कलम कागदावर असून भागत नाही. “मी हात जोडणार नाही” म्हणणारे पोर वर्गात एकटे पडणार नाही, तेव्हाच ते खरे.

जय भीम!